गाडी पाहणाऱ्यांचे आणि गाडी मांडणाऱ्यांचे प्रश्न

प्रतिकृती रेल्वेविषयी या सदरात मागे एकदा ओझरते लिहिले होते, तेव्हापासून या छंदाची पत्रे थांबलेली नाहीत. त्यांतली सात या अंकात घेतली आहेत. काही पत्रे फलाटावर उभे राहून गाड्या पाहणाऱ्यांची आहेत, तर काही त्या घरात फळीवर मांडणाऱ्यांची. उत्तरे लिहिताना मला ही दोन माणसे वेगळी करता आली नाहीत. त्यामुळे मांडणीविषयीच्या उत्तरात मध्येच कर्जतचा फलाट डोकावला, तर वाचकांनी चालवून घ्यावे.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी स्थानकाच्या पादचारी पुलावरून गाड्या पाहण्यासाठी हट्ट धरतो. सोबत वही असते, तीत इंजिनांचे आकडे लिहितो. नातेवाईक याला खूळ म्हणतात. त्याला कुठे न्यावे, काय पाहायला सांगावे आणि यात धोका किती, हे कळवावे. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : नातेवाइकांचे सोडून द्या. डोंबिवलीत राहून गाडीकडे वैतागाशिवाय पाहणारे एक तरी माणूस घरात आहे, याचे मला कौतुक वाटते.

आधी जागेविषयी. पादचारी पूल पाहायला सोयीचा असला, तरी संध्याकाळच्या गर्दीत पुलावर कोणीही थांबू नये आणि लहान मुलाने तर मुळीच थांबू नये. त्यापेक्षा रविवारी सकाळी फलाट तिकीट काढावे आणि फलाटाच्या मध्यावर एखाद्या बाकावर बसावे. हे तिकीट दोन तास चालते, आणि दहा वर्षांच्या मुलाबरोबर गेलेल्या आईला दोन तास पुष्कळ होतात. पिवळ्या पट्टीच्या आत राहायचे आणि चांगले दिसावे म्हणून रुळांत उतरायचे नाही, हे दोन नियम पहिल्या दिवशीच पक्के करावेत. रेल्वेच्या हद्दीत असे बेकायदा शिरणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाला मात्र कलमापेक्षा आपला धरलेला हात अधिक समजेल. रविवारचा आणखी एक लाभ म्हणजे मेगाब्लॉक. ज्या दिवशी सारे शहर रेल्वेच्या नावाने बोटे मोडते, त्याच दिवशी धिम्या गाड्या जलद मार्गावरून जाताना पाहायला मिळतात आणि वहीतली नोंद नेहमीपेक्षा वेगळी होते.

आता काय पाहावे, ते सांगतो. इंजिनाच्या क्रमांकाआधी जी अक्षरे असतात ती वाचायला शिकवा. डब्ल्यूएपी-७ मधला डब्ल्यू म्हणजे आपला रुंद, १,६७६ मि.मी.चा रूळमार्ग, ए म्हणजे एसी वीज आणि पी म्हणजे प्रवासी गाडीचे इंजिन. पी च्या जागी जी आला की ते मालगाडीचे, एम आला की दोन्ही कामांचे. डी म्हणजे डिझेल. मुंबईत वाढलेल्या मुलाला या अक्षरांतून शहराचा इतिहासही सांगता येतो. येथे पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली, ती १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. पुढे देशभर २५,००० व्होल्टची एसी वीज आली तरी मुंबई दीर्घकाळ जुन्या विजेवरच राहिली, आणि म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने खास या भागासाठी बांधावी लागली. त्यातल्या सीए या दोन अक्षरांचा अर्थ हाच : सी म्हणजे डीसी आणि ए म्हणजे एसी. पश्चिम रेल्वेवरचा बदल २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा २०१५ मध्ये आणि हार्बरचा २०१६ मध्ये पुरा झाला.

इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे, म्हणजे जिथे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचे, नावही लिहिलेले असते : कल्याण, अजनी, भुसावळ, वडोदरा. रोज एकाच शेडचे इंजिन घेऊन येणारी गाडी एखाद्या दिवशी दुसऱ्याच शेडचे इंजिन लावून आली, तर या छंदातली मंडळी तिला ऑफलिंक म्हणतात, आणि असा दिवस वहीत लाल शाईने लिहिला जातो. चाकांच्या जोड्या मोजायलाही सांगा. डब्ल्यूएपी-५ ला चार आस असतात, डब्ल्यूएपी-७ ला सहा. रंगाने फसगत झाली तरी चाके खरे सांगतात.

मालगाडी सहसा कोणी पाहत नाही, पण आकडे लिहिणाऱ्या मुलाला खरी मौज तिथेच आहे. प्रत्येक वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि अकरावा आकडा आधीचे दहा बरोबर उतरवले की नाही हे तपासण्यासाठी असतो. समजा, त्याने वहीत ३००१०९२४६८३ असा क्रमांक उतरवला. पहिल्या दहांपैकी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या जागेवरचे आकडे ०, १, ९, ४ आणि ८. त्यांची बेरीज २२, तिची तिप्पट ६६. उरलेले ३, ०, ०, २ आणि ६, त्यांची बेरीज ११. एकूण ७७. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ८० ला, तीन कमी पडतात आणि अकरावा आकडा तीनच आहे. उत्तर जुळले नाही तर वाघीण वेगात होती किंवा डोळा चुकला. गाडी निघून गेल्यावर बाकावर बसून ही पडताळणी करणारा मुलगा गणिताला घाबरेल असे मला वाटत नाही.

कधीतरी त्याला कल्याणला घेऊन जा. तुमच्यापासून दोनच स्थानके, पण कर्जतकडे जाणारा आणि कसाऱ्याकडे जाणारा असे दोन्ही घाटमार्ग तिथे फुटतात, त्यामुळे डोंबिवलीत तोंडओळख झालेल्या गाड्या कुठे वळतात हे तिथे उमगते.

प्रश्न : फलाटावर कॅमेरा तिकाटण्यावर लावून मालगाडीचे चित्रण करत असताना गणवेशातील एका कर्मचाऱ्याने मला तो बॅगेत ठेवायला लावला. माझे काय चुकले? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कुर्ला)

उत्तर : तिकाटणे चुकले. हातातल्या कॅमेऱ्याकडे किंवा फोनकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण तीन पाय पसरले की ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येतात आणि आपण हौशी न राहता व्यावसायिक दिसू लागतो. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची पूर्वपरवानगी लागतेच. आधी स्टेशन मास्तरांना भेटून काय करणार आहोत ते सांगावे, नाही म्हणाले तर वाद न घालता निघावे. फ्लॅश मात्र कधीही वापरू नये. समोरून येणाऱ्या मोटरमनच्या डोळ्यांवर तो लखकन पडतो, आणि त्याच्या पाठीमागे दोन-तीन हजार माणसे असतात.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. गिरगावातल्या दोन खोल्यांत आम्ही चार माणसे राहतो. लहानपणापासून इच्छा आहे की घरात एक छोटी रेल्वे असावी, शक्य तर बारा डब्यांची लोकल. पलंगाच्या वरच्या बाजूला सुमारे पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळी बसवता येईल. एवढ्या जागेत काही होईल का? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : होईल. पण बारा डबे होणार नाहीत, हे आधीच सांगतो.

प्रतिकृतींची मापे ठरलेली आहेत. सर्वांत जास्त चालणारे माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा. त्यातल्या रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. असते. त्याहून लहान एन, एकशेसाठावा हिस्सा आणि ९ मि.मी. रूळ. आपल्या लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटर धरला, तर एचओमध्ये तो सुमारे २४ से.मी. भरतो आणि बारा डबे मिळून जवळजवळ तीन मीटर, म्हणजे दहा फुटांच्या घरात. एनमध्ये तीच गाडी दीड मीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे आपली फळी गाडीनेच भरून जाईल आणि ती धावायला पलंगावर उतरावी लागेल. गोल फिरवण्याचा विचारही सोडावा, कारण एका फुटाच्या रुंदीत गाडी वळत नाही.

म्हणून मी आपल्याला प्रवासी गाडी सोडून माल यार्ड मांडायला सुचवतो. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी बेतलेली इंगलनूक नावाची एक मांडणी आहे, ती बरोबर अशाच फळीसाठी आहे. एक रूळ पुढे जाऊन तीन फाट्यांत फुटतो. एका फाट्यात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. रुळांवर एकूण आठ वाघिणी आणि एक छोटे शंटिंगचे इंजिन ठेवायचे. आठ चिठ्ठ्या करून त्यांतल्या पाच काढायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वाघिणी जोडून लांब फाट्यात पाच डब्यांची गाडी उभी करायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, आणि समोरच्या रुळावर इंजिनासह तीनच वाघिणी मावत असल्यामुळे प्रत्येक वेळी डोके लढवावे लागते. एचओमध्ये ही मांडणी आखूड, चार चाकी वाघिणी वापरल्या तर पाच फुटांत बसते. आठ चाकी बॉक्सएन वाघीण एचओमध्ये सुमारे सव्वाबारा से.मी. होते, ती मात्र एवढ्या जागेत अडचणीची ठरेल. तीच हवी असेल तर एनकडे वळा, पण मग जोडण्या-सोडण्याच्या कड्या दिसायला चष्मा बदलावा लागेल.

लोकलची हौस वेगळ्या रीतीने भागवता येईल. फळीच्या मागच्या कडेला फलाटाचा एक तुकडा, पिवळी पट्टी, इंडिकेटर आणि लोकलचे दोनच डबे ठेवा. ते कागदाच्या पुठ्ठ्याचे आणि न चालणारे असले तरी चालतील. बाकीचे दहा डबे पलीकडच्या भिंतीआड आहेत असे पाहणारा आपोआप समजतो. गिरगावकराला चर्नी रोडवर शेवटचे डबे पुलाखाली कसे दिसेनासे होतात हे माहीत असतेच.

पत्रात आपण लिहिता की नातवाला यात गोडी नाही. चिठ्ठ्या त्याला काढू द्या आणि वेळ लावून खेळा. आजोबा किती मिनिटांत गाडी लावतात, हे कळले की तो आपोआप फळीपाशी येईल.

प्रश्न : एचओ मापाचे भारतीय इंजिन घेतले. सुंदर आहे, पण रुळांवर ठेवले की अरुंद पायांवर उभे असल्यासारखे वाटते. माझा भास आहे का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, वसई)

उत्तर : भास नाही, तुमची नजर चांगली आहे. १६.५ ला ८७ ने गुणले की १,४३५ मि.मी. येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतला प्रमाण रूळमार्ग. आपला मार्ग १,६७६ मि.मी. असल्यामुळे एचओत तो १९.३ मि.मी.च्या आसपास हवा. तसे रूळ आणि चाके स्वतः बनवणारे हौशी आहेत, पण मग बाजारातला एकही सांधा किंवा डबा तुमच्या कामाचा राहत नाही. मी स्वतः हा फरक सोडून दिला. मांडणी डोळ्यांच्या उंचीवर ठेवली आणि गाडी बाजूने पाहिली, तर तो दिसत नाही. वरून पाहिली तरच खटकतो. माथेरानची गाडी करायची झाल्यास गणित उलट दिशेने चुकते. तिथले रूळ दोन फुटी, ६१० मि.मी.चे, म्हणून एचओत सात मि.मी. हवेत, बहुतेक जण एनचे नऊ मि.मी.चे रूळ घेऊन त्यावर एचओचे डबे चढवतात आणि रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, कापून त्यांच्यामधले अंतर वाढवतात. त्या गाडीची वळणे मुळातच इतकी आवळ आहेत की लहान टेबलावर तीच सर्वांत खरी दिसते.

प्रश्न : आम्ही नवराबायको दोघांनी मिळून मागच्या हिवाळ्यात बैठकीच्या खोलीत एचओ मांडणी केली. मे महिन्यापर्यंत गाडी छान चालत होती. जुलैपासून ती अडखळते, मध्येच थांबते, बोटाने ढकलली की पुन्हा निघते. दुकानदार नवीन कंट्रोलर घ्या म्हणतात. (मुलुंड)

उत्तर : कंट्रोलर, म्हणजे रुळांना कमी-जास्त वीज देणारी पेटी, नवीन घेऊ नका, तूर्त तरी. ढकलल्यावर गाडी निघते याचा अर्थ वीज तयार आहे, पण वाटेत अडते आहे.

साध्या मांडणीत बारा व्होल्टची वीज एका रुळातून चाकात, चाकातून मोटरीत आणि दुसऱ्या चाकातून दुसऱ्या रुळात जाते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श सुईच्या टोकाएवढा असतो. तिथे थोडी जरी काजळी आली, की साखळी तुटते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली दमट खारट ओल हे काम करतेच, पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला अधिक शंका आली : मांडणीच्या वरच देवघर आहे. निरांजनाची आणि उदबत्तीची काजळी तेलकट असते, ती खाली बसते आणि धुळीला धरून ठेवते. स्वयंपाकघर उघडे असेल तर फोडणीचा वास जिथवर जातो तिथवर तेलही जाते. देवघर हलवा असे मी सुचवणार नाही. मांडणीवर जुने लुगडे पसरून ठेवले तरी पुरते.

मांडणी बंद करून, सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घेऊन रुळांचा माथा पुसा. फडके किती काळे होते ते दोघांनी मिळून पाहा. मग इंजिन उलटे धरून चाकेही तशीच पुसा. हा द्रव पेट घेतो, म्हणून तो सुकेपर्यंत वीज सुरू करायची नाही. सँडपेपर कधीही वापरू नये. त्याने रूळ क्षणभर चकाकतात, पण सूक्ष्म ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यांतच घर करते.

रूळ कशाचे आहेत तेही तपासा. स्वस्त संचांतले लोखंडी रूळ आपल्याकडे एका पावसाळ्यात गंजतात. पितळी रुळांवर येणारा काळपट थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हरचे रूळ या हवेत सर्वांत कमी त्रास देतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते, म्हणजे आपल्या आजीच्या काळातले जर्मन सिल्व्हरच.

पुसूनही ठराविक जागीच गाडी अडत असेल, तर दोष सांध्यांत आहे. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पातळ पट्ट्या आतून काळ्या पडतात आणि वीज पुढच्या तुकड्यात जात नाही. साधारण तीन-तीन फुटांवर रुळाला खालून तारा डाखवून थेट वीज दिली, की पट्ट्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. लॅमिंग्टन रोडवर यासाठी लागणारी तार, डाख आणि डाखणी एका फेरीत मिळते.

आणि फळी? ती एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली, असेल तर कडा फुगल्या आहेत का ते बघा. माझी पहिली मांडणी एमडीएफवर होती. जूनमध्ये ती गॅलरीजवळ होती आणि गोकुळाष्टमीपर्यंत रुळांना असे उंचवटे आले होते, की गाडी लाटांवरून होडी जावी तशी जाई. पुढच्या वेळी पाण्याला टिकणारा प्लायवूड घ्या आणि त्याला वरून, खालून आणि कडांनाही रंग द्या. कडा विसरल्या तर बाकीचा रंग वाया गेला असे समजा.

प्रश्न : मी आणि माझा नातू मिळून बोरघाट करायचे ठरवले आहे. सहा फूट बाय तीन फुटांचा प्लायवूड आहे. नातवाचा आग्रह आहे की गाडी चढावी आणि मागून बँकर इंजिनांनी ढकलावे. डोंगर कशाचा करावा? (बदलापूर)

उत्तर : बदलापूरहून कर्जत जवळ आहे. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी दोघांनी एक सकाळ कर्जतच्या फलाटावर काढावी, अशी माझी विनंती आहे. पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबते, मागून दोन किंवा तीन इंजिने येऊन जोडली जातात, आणि पुढचे व मागचे चालक एकमेकांना न दिसता एकाच वेळी ताकद लावतात. वंदे भारत मात्र बँकर न घेता निघून जाते. का, ते नातवाला विचारा. तिची मोटर असलेली चाके गाडीभर वाटलेली आहेत, हे उत्तर त्याने स्वतः काढले तर त्याला घाट समजला.

बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ से.मी. पुढे गेल्यावर एक से.मी. वर. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मध्ये आठेक से.मी. मोकळी उंची लागते, आणि त्यासाठी जवळजवळ तीन मीटर चढ हवा. उतरायला पुन्हा तीन मीटर. तुमच्या प्लायवूडवर लंबगोलाची पूर्ण फेरी सुमारे साडेचार मीटरचीच होईल, तेव्हा एचओमध्ये हे जमत नाही. चढ अधिक तीव्र केला तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरतील. एनमध्ये पाच से.मी. उंची पुरते आणि चढ-उतार दोन्ही पावणेचार मीटरच्या आत होतात, म्हणून हा नकाशा एनमध्ये घ्यावा.

एचओच हवे असेल तर घाटाच्या इतिहासातच तोड आहे. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ डोंगराच्या कडेला गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले : गाडी एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ही कसरत संपली. तुमच्यापुढे अडचण तीच आहे जी त्या वेळच्या इंजिनियरांपुढे होती, तेव्हा उपायही तोच वापरायला हरकत नाही. गाडी आखूड ठेवा. साडेतेवीस मीटरचा एलएचबी, म्हणजे नव्या बांधणीचा, डबा एचओमध्ये २७ से.मी. होतो आणि आवळ वळणावर त्याची पोटे रुळांबाहेर येतात.

बँकरसाठी दोन इंजिने सारख्या वेगाची हवीत. रिकाम्या रुळावर एक मीटर अंतर आखा, दोन्ही इंजिने एकाच व्होल्टवर स्वतंत्र चालवा आणि घड्याळ लावा. मागचे इंजिन फार जलद निघाले, तर ते वळणावर मधले डबे रुळांबाहेर ढकलते.

डोंगराविषयी बाहेरून साहित्य मागवण्याची गरज नाही, कारण दिवाळीचा किल्ला केलेल्या प्रत्येक मराठी घराला हे काम येते. चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा उंचवटा, त्यावर गोणपाट; फक्त मातीच्या काल्याऐवजी ते प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ काल्यात भिजवून पसरायचे. एक गोष्ट मात्र किल्ल्यावरून घेऊ नका. मी घेतली होती. नातेवाइकांची मुले जमली होती, उत्साहाच्या भरात आम्ही बोगद्यावरच्या उतारावर हळीव पेरले. तिसऱ्या दिवशी घाट इतका हिरवागार झाला की शेजारी पाहायला आले. सहाव्या दिवशी वास सुटला, आणि दहाव्या दिवशी वाघिणींच्या आसांवर तांबडा गंज होता. हिरवळीसाठी रंगवलेला लाकडाचा भुसा बरा.

रंग भरण्याआधी महिना ठरवा. परदेशी पुस्तकांत पाहून डोंगर तपकिरी करणारे पुष्कळ आहेत. सह्याद्रीचा दगड काळपट करडा असतो, आडव्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. जुलैत त्यावर हिरवे आणि पांढऱ्या धारा, एप्रिलमध्ये पिवळे वाळके गवत. दोन्ही एकत्र केले तर घाट कुठलाच राहत नाही. वाळलेल्या आंब्याच्या मोहोराचे देठ रंगवून चैत्रातली निष्पर्ण झाडे छान होतात. घाटात पंचवीसहून अधिक बोगदे आहेत, त्याचा फायदा घ्या आणि मागचे ओंगळ वळण एका बोगद्यात लपवा. गाडी आत गेल्यावर बाहेर यायला किती वेळ लागतो, एवढ्यावर नातू रंगून जाईल.

प्रश्न : आम्ही पाच जण कांदिवली ते विरार अशा पाच ठिकाणी राहतो. कोणाच्याच घरी मोठी मांडणी मावत नाही. एकत्र काही करता येईल का? आमच्यातले दोघे फक्त गाड्या पाहतात, बनवत नाहीत. (एका मित्रमंडळाच्या वतीने, कांदिवली)

उत्तर : प्रत्येकाने एकेक तुकडा घरी बनवावा आणि महिन्यातून एकदा ते तुकडे एका टेबलावर जोडावेत, ही रीत जगभर आहे आणि मुंबईच्या घरांना ती जणू मापानेच शिवलेली आहे. जपानमध्ये सुरू झालेली टी-ट्रॅक नावाची पद्धत तुमच्यासाठी योग्य वाटते. ती एन मापाची आहे. एका सरळ पेटीची लांबी ३०८ मि.मी., तिच्यावरचे रूळ ३१० मि.मी., म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मि.मी. पुढे आलेले, हे रूळ खटक्याने एकमेकांत बसतात आणि पेट्या जोडायला पाना-स्क्रू लागत नाहीत. दोन समांतर रुळांच्या मध्यांतले अंतर बरेच जण ३३ मि.मी. ठेवतात. पेटीच्या चार कोपऱ्यांना खालून बोल्ट असतात, टेबल वाकडे असेल तर ते फिरवून पातळी जुळवायची. फेरी पूर्ण व्हायला कोपऱ्याच्या चार पेट्या लागतात. त्या कोणा एकाच्या गळ्यात न घालता सर्वांनी वर्गणीने कराव्यात, नाहीतर कोपरेवाला पुढे भेटायलाच येत नाही, हा अनुभव आहे.

रुळांची जागा, उंची आणि तारांचे रंग एवढेच सर्वांचे सारखे हवे. मागच्या जागेत प्रत्येकाने आपापले स्थानक करावे. विरारवाल्याने मिठागरे करावीत, बोरिवलीवाल्याने झाडी. वेगवेगळ्या हातांची कामे शेजारी आली की विसंगत दिसतात, पण तुमची रोजची पश्चिम रेल्वे तरी खिडकीतून कुठे सुसंगत दिसते?

जे दोघे फक्त पाहतात त्यांना वेळापत्रक द्या. पाच जणांत रूळ मांडणारे खूप आणि गाडी कशी चालते हे जाणणारे कमी, असे नेहमी होते. धिमी बाजूला घेऊन जलद पुढे काढायची, मालगाडीला मध्यरात्रीची वेळ द्यायची, दोन पिवळे दिवे दिसले की पुढच्या सिग्नलला सावध व्हायचे, हे फलाटावर तासन्‌तास काढलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. तो हातात घड्याळ घेऊन उभा राहिला की बाकीचे तिघे गोल गोल गाडी फिरवायचे थांबतात.

पेट्या नेण्यासाठी बुटांच्या मोठ्या खोक्यांना झाकणाच्या बाजूने स्पंज लावा, इमारती काढून वेगळ्या ठेवा आणि शक्यतो रविवारी सकाळच्या पहिल्या गाड्यांनी निघा. सामान ठेवायच्या फळीवर खोके आडवे ठेवले तर बोरिवलीला चढणारे त्यावर बॅगा टाकतात, म्हणून ते मांडीवरच बरे.